हरणं तोंड लावणार नाहीत अशी झाडं कशी निवडायची: आधी खाणारा ओळखा, खरेदी सगळ्यात शेवटी

‘हरीण खात नाही’ अशा झाडांची यादी शोधायची, त्यातली दिसायला बरी वाटतील ती आठ-दहा रोपं नर्सरीतून उचलायची, रविवारी लावून टाकायची आणि मंगळवारी सकाळी उरलेले खुंट मोजायचे. बहुतेकांचं असंच होतं, आणि मग दोष यादीला दिला जातो. यादी बरेचदा ठीक असते. चुकलेला असतो तो क्रम. रोपं विकत आणणं हे या प्रक्रियेतलं पाचवं-सहावं काम आहे, आणि लोक सुरुवातच तिथून करतात.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. हरीण कधीच खाणार नाही असं झाड जवळपास नसतंच. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाची या विषयावरची यादी बरीच वापरली जाते. तिच्यात झाडांच्या चार श्रेण्या केल्या आहेत, आणि सर्वांत वरच्या श्रेणीचं नावसुद्धा ‘क्वचित नुकसान होणारी’ एवढंच आहे. ‘कधीच नाही’ असा रकाना त्यांनीही ठेवलेला नाही. त्यामुळे आपला प्रश्न असा: माझ्याकडे येणारी हरणं, माझ्याकडच्या सर्वांत उपाशी महिन्यात, कुठल्या झाडाला शेवटी हात घालतील?

## टप्पा १: खाणारा कोण, ते आधी पक्कं करा

शेंडे गेले की लगेच हरणावर ठपका ठेवू नका. कुरतडलेल्या फांदीजवळ बसा आणि टोक नीट बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक गादी असते. खालच्या दातांत आणि त्या गादीत फांदी धरून ते हिसडा देतं. त्यामुळे टोक फाटलेलं, चिंध्या झाल्यासारखं दिसतं आणि सालीचा एखादा धागा खाली लोंबत राहतो. सशाने खाल्लेलं टोक याच्या अगदी उलट, धारदार सुरीने तिरकं कापल्यासारखं स्वच्छ असतं, आणि तेही जमिनीलगत. पानांना भोकं आणि आसपास चिकट चकाकणारी रेघ असेल तर ती गोगलगाय. फांद्याच मोडून खाली टाकलेल्या असतील तर वानर. खोडाची साल बुंध्याशी कुरतडलेली आणि कंद उकरलेले असतील तर साळिंदराचा संशय घ्या.

इथे एक खाच आहे. वरचे पुढचे दात नसणं ही हरणाची मक्तेदारी नाही. गाय, शेळी, नीलगाय यांचंही तसंच असतं. म्हणून फाटक्या टोकावरून फक्त ‘रवंथ करणारा प्राणी’ एवढंच सिद्ध होतं. पुढचा पुरावा जमिनीवर शोधावा लागतो.

तपासणी: बागेत शिरण्याच्या वाटेवर हातभर रुंदीचा पट्टा खणून भुसभुशीत करा, संध्याकाळी पाणी शिंपडून वरून फळी फिरवा. सकाळी ठसे बघा. दोन भागांचा, पुढे निमुळता, बदामासारखा खूर आणि जवळपास काळपट लेंड्यांचा पुंजका दिसला, आणि शेळ्या किंवा नीलगाय तिकडे फिरकत नसतील, तर पुढे जायला हरकत नाही.

कुठलं हरीण, हेही महत्त्वाचं आहे, कारण सगळ्यांची जीभ सारखी नसते. चितळ मुख्यतः गवत खाणारं, पाला-फळं त्याला जोडीला. सांबर गवत आणि झाडपाला दोन्ही खातं, आणि मागच्या पायांवर उभं राहून वरचा पाला ओढतं. भेकर लहानखुरं, पण चोखंदळ. कोंब, कळ्या, पडलेली फुलं-फळं ते वेचून खातं. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक याद्या मात्र उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणावर, म्यूल डिअरवर किंवा ब्रिटनमधल्या रो हरणावर बेतलेल्या असतात. त्या यादीत शोभेची गवतं ‘सुरक्षित’ म्हणून मोठ्या विश्वासाने दिलेली दिसतात. जिथे चितळ चरतात तिथे मऊ गवताच्या बाबतीत हा विश्वास मी ठेवणार नाही.

शेवटी उंची. टेप घेऊन सर्वांत वरचा खाल्लेला शेंडा मोजा. छोट्या भेकराची पोच साधारण १ मीटरपर्यंत असते, पांढऱ्या शेपटीच्या हरणाची १.८ मीटरच्या आसपास आणि सांबराची त्याहूनही जास्त. हा आकडा लिहून ठेवा, तो पुढे तीन ठिकाणी लागणार आहे.

## टप्पा २: काय खाल्लं आणि काय सोडलं, दोन्हीची नोंद

बहुतेक जण फक्त नुकसानीची यादी करतात. तिच्यापेक्षा मोलाची यादी ‘सोडलेल्या’ झाडांची असते.

बागेत एक फेरी मारा आणि प्रत्येक झाडापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: साफ केलं, चाखून सोडलं, शिवलंच नाही. ‘चाखून सोडलं’ हा शेरा नीट समजून घ्या. एखाद-दुसरं पान तोडलेलं आणि जमिनीवर पडलेलं असेल तर हरणाने चव घेऊन नाकारलं आहे. शेंडे मात्र ओळीने गायब असतील तर ते चाखणं नव्हे, जेवण चालू आहे.

मग कुंपणाबाहेर जा. हरणं रोज जिथून येतात, त्या वाटेवर मोजलेल्या उंचीच्या खाली कुठली झुडपं धडधाकट उभी आहेत ते बघा. आजूबाजूचं सगळं खरवडलेलं असताना एखादं झुडूप पानांनी भरलेलं असेल, तर त्याची परीक्षा तिथल्या हरणांनीच घेतलेली आहे. त्या झुडपाच्या कुळातली किंवा त्याच्यासारखी पानं असलेली बागेतली झाडं तुमच्या यादीत सर्वांत वर यायला हवीत. कुठलीही छापील यादी याची बरोबरी करू शकत नाही.

सावधान: हरणांची आवड शिकलेली असते. पाडसं आईच्या मागे फिरताना काय खायचं ते उचलतात. त्यामुळे पलीकडच्या टेकडीवर जे झाड वर्षानुवर्षं सुखरूप आहे, ते तुमच्याकडे पहिल्याच आठवड्यात फस्त होऊ शकतं. ‘आमच्याकडे तर अजिबात खात नाहीत’ या सल्ल्याला तेवढंच वजन द्या.

## टप्पा ३: नावांवरून नाही, गुणांवरून निवडा

हरीण झाड का टाळतं याची कारणं मोजकीच आहेत. ती कळली की यादी पाठ करावी लागत नाही. नर्सरीत उभ्या उभ्या अंदाज बांधता येतो.

वास. हरणाचं नाक फार तीक्ष्ण असतं आणि अन्नाची निवड ते बरीचशी नाकानेच करतं. तेलकट, उग्र वासाची पानं त्याला नको असतात. लॅव्हेंडर, रोझमेरी, साल्व्हिया, थाइम, पुदिना, तुळस, पानओवा, मरवा, दवणा, निर्गुडी, गवती चहा, कांदा-लसणाच्या कुळातली फुलझाडं ही सगळी या गटात येतात. परीक्षा सोपी आहे: पान दोन बोटांत चुरडा आणि हात नाकापासून वीतभर दूर धरा. तेवढ्या अंतरावरूनही वास येत असेल तर झाड उमेदवार. नाक चिकटवल्यावरच वास येत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. झेंडू या गटात धरतात, आणि पानांपुरतं ते बरोबरही आहे, पण काही ठिकाणी हरणं झेंडूची फुलं तेवढी खुडून नेतात. म्हणून झेंडूला मी दुसऱ्या फळीत ठेवतो.

चीक आणि विष. सर्वांत भरवशाचा गट हाच, आणि सर्वांत जबाबदारीचाही. कण्हेर, बिट्टी, रुई, डिजिटॅलिस यांच्यात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडं असतात. शेर, काटेरी युफोर्बिया यांचा पांढरा चीक तोंडाची आग करतो. डॅफोडिल, अमॅरिलिस, क्रायनम यांच्या कंदात लायकोरिनसारखी अल्कलॉइडं, म्हणजे कडू विषारी द्रव्यं असतात. ट्यूलिपचे वाफे हरणं रातोरात सपाट करतात आणि शेजारचं डॅफोडिल तसंच राहतं, त्याचं कारण हे. अळू, डिफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला टोचतात. सदाफुलीतही कडू अल्कलॉइडं भरपूर असतात आणि ती बहुधा सुटते. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत. कुंपणासाठी तोही चाचणीत घेण्याजोगा आहे.

लव आणि खरखर. लॅम्ब्ज इअर, डस्टी मिलर, मुलेन यांची पानं मऊ लवेने झाकलेली असतात. आपल्या हाताला मखमल, हरणाच्या जिभेला लोकर. घाणेरीच्या पानात खरखर आणि उग्र वास दोन्ही असल्यामुळे ती सहसा वाचते.

काटे. या गुणावर लोक गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवतात. निवडुंग, अगेव्ह, करवंद, बर्बेरिस यांच्यापर्यंत ठीक आहे. पण गुलाब हे हरणाच्या सर्वांत आवडत्या झाडांपैकी एक आहे. कोवळ्या फुटव्यावरचे काटे तेव्हा मऊच असतात, आणि हरणाची जीभ-ओठ इतके चपळ की जून काट्यांच्या मधली पानंसुद्धा ते वेचून काढतं. बोगनवेलीचंही कमी-अधिक तसंच. काटे जून झाल्यावर बरीचशी वाचते, कोवळा शेंडा जातो.

चिवट, चामड्यासारखी पानं. नेचे, युक्का, बॉक्सवुड, कोरफडीसारखी जाड पानं. पोषण कमी, कष्ट जास्त, म्हणून हरीण पुढे जातं.

आता अपवाद, कारण खरे घोटाळे इथेच होतात. ‘विषारी आहे ना, मग सुटलं’ हे समीकरण नेहमी जुळत नाही. थंड प्रदेशात लावतात तो यू वृक्ष घोडा, गाय आणि माणूस यांच्यासाठी प्राणघातक, पण हरणं तो आवडीने ओरबाडतात. ‘तुरट आहे, नाही खाणार’ हेही तसंच. झाडपाला खाणाऱ्या अनेक हरणांच्या लाळेत टॅनिनला, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याला, बांधून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यामुळे आपल्याला घसा धरायला लावणारी चव त्यांना सहज पचते. म्हणून निवडताना एका गुणावर थांबू नका. उग्र वास आणि लव, चीक आणि काटे, कडवटपणा आणि जाड पान, असे किमान दोन गुण एकत्र असलेलं झाड घ्या.

उलट बाजूही लक्षात असू द्या. मऊ, रसाळ, बिनवासाचं, भरभर वाढणारं असं काहीही असलं की ते हरणाचं ताट. होस्टा, ट्यूलिप, डेलिली, गुलाब, जास्वंद, पॅन्सी, इम्पेशन्स, शोभेच्या रताळ्याचा वेल, वाटाणा, घेवडा, लेट्यूस, स्ट्रॉबेरी. ही लावूच नयेत असं नाही. उघड्यावर लावू नयेत, एवढंच.

सावधान, दोन गोष्टी: हरणाला जे विष, ते घरातल्या रांगत्या मुलाला आणि कुत्र्या-मांजरालाही विष. कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड, डिजिटॅलिस, सायकस ही झाडं मुलं खेळतात तिथे किंवा पाळीव जनावर मोकळं फिरतं तिथे नकोत. सायकस तर कुत्र्यांसाठी फारच घातक. कण्हेरीची छाटणी केल्यावर फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नका आणि जाळूही नका. दुसरं, हरणं खात नाहीत म्हणून काही झाडं बेलगाम पसरतात. घाणेरीने भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत रानंच्या रानं गिळली आहेत, जपानी बर्बेरिसने अमेरिकेच्या पूर्व भागात तेच केलं. तुमच्या भागात ज्याला आक्रमक ठरवलंय ते झाड कितीही सोयीचं असलं तरी यादीतून काढा.

## टप्पा ४: सर्वांत उपाशी महिना गृहीत धरा

जंगल हिरवंगार असताना घेतलेला अंदाज फसवा असतो. बाहेर भरपूर चारा असेल तर हरीण तुमच्या जास्वंदीलाही एखादवेळी विसरेल. खरी कसोटी टंचाईत लागते. थंड प्रदेशात ती हिवाळ्याची अखेर आणि वसंताची सुरुवात, उष्ण प्रदेशात उन्हाळ्याचे कोरडे आठवडे. कोरड्या दिवसांत हरणं रसाळ पानांकडे पाण्यासाठीही वळतात. आजूबाजूचं सगळं वाळलेलं असताना तुमची पाणी घातलेली बाग लांबूनच उठून दिसते. पाडसांना दूध पाजणाऱ्या माद्यांना प्रथिनं जास्त लागतात, त्या काळात कोवळ्या पालवीवर धाड पडते.

म्हणून टप्पा ३ मधून आलेल्या नावांपुढे दोन गोष्टी लिहा: त्या टंचाईच्या काळात हे झाड कुठल्या अवस्थेत असेल, आणि पालवी नेमकी तेव्हाच फुटते का? उपाशी महिन्यात जे झाड जून पानांनिशी किंवा कंदाच्या रूपात जमिनीखाली असतं, ते अर्धी लढाई तिथेच जिंकतं. ज्याची पालवी त्याच वेळी येते, त्याला कितीही उग्र वास असला तरी आडोशाची तयारी ठेवूनच लावा. कोवळं पान मऊ आणि रसाळ असतं, हरणाला तेच आधी हवं असतं.

## टप्पा ५: आधी चाचणी, मग घाऊक खरेदी

हा टप्पा लोक गाळतात, कारण सगळ्यांना घाई असते. पण एकदम पन्नास रोपं गमावण्यापेक्षा दोन रोपं पणाला लावणं केव्हाही परवडतं.

यादीतून पाच-सहा नावं निवडा आणि प्रत्येकी दोनच रोपं आणा. दोन्ही कुंडीतच राहू द्या. एक कुंडी उघडी ठेवा, दुसरीवर जाळीचा पिंजरा घाला. दोन्ही कुंड्या हरणांच्या वाटेवर शेजारी-शेजारी ठेवा. घराच्या दारात ठेवलेल्या कुंडीची चाचणी काहीच सांगत नाही. पिंजऱ्यातली कुंडी कशाला? उघड्या रोपाचं नुकसान हरणाने केलं की ते उन्हाने, पाण्याने किंवा किडीने मुळातच मरायला टेकलं होतं, हे तिच्याशी तुलना केल्यावरच कळतं.

आणि एक युक्ती, जिच्याशिवाय हा सगळा खटाटोप फुकट जातो: त्या रांगेत हरणाच्या आवडीचं एक रोप ठेवा, जास्वंदीचं किंवा रताळ्याच्या वेलाचं. ते खाल्लं गेलं आणि शेजारचं उमेदवार रोप सुटलं, तरच उमेदवार पास. आवडीचं रोपही तसंच उभं असेल, तर हरणं त्या दिवसांत आलीच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. निकाल लागला की आवडीचं रोप लगेच उचला, नाहीतर तुमच्या दारी यायची सवय तुम्हीच लावाल.

दोन आठवडे तरी चाचणी चालू द्या. हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात, त्यामुळे बघायचं ते सकाळी, ऊन चढायच्या आत. निकाल असा वाचा:

- एक-दोन पानं तोडून टाकलेली, पुढच्या रात्री पुन्हा हात लावलेला नाही: झाड चांगलं.
- शेंडे रोज थोडे थोडे कमी होतायत: झाड बाद, मग यादीत ते कितीही वर असो.
- रोप मुळासकट उपटून बाजूला टाकलंय, पण खाल्लेलं नाही: चवीला नापास झालंय, म्हणजे तुमच्यासाठी पास. फक्त रुजेपर्यंत त्याला आधार हवा.

तपासणी: ही चाचणी हिरव्या दिवसांत घेतली असेल, तर वाचलेली रोपं टंचाईच्या काळात पुन्हा एकदा त्याच वाटेवर ठेवा. दोन्ही वेळा टिकलेली नावं ती खरी यादी.

## टप्पा ६: कुठलं झाड कुठे

झाडं बरोबर निवडूनही मांडणीत फसणारे बरेच आहेत. नेहमीचा समज असा की आवडीच्या झाडाभोवती लॅव्हेंडरची रांग लावली की काम झालं. उग्र वासाने आतल्या झाडाचा वास थोडा झाकला जातो, हे खरं. पण भुकेलं हरीण लॅव्हेंडरवरून मान पुढे काढून गुलाब खातं. त्याचं तोंड किती उंचावर पोचतं ते तुम्ही पहिल्या टप्प्यात मोजलंच आहे. म्हणून वासाची किनार हातभर नव्हे, चांगली रुंद ठेवा आणि तिच्यात एकाच जातीवर न थांबता वेगवेगळ्या वासांची झाडं मिसळा.

बाहेरून आत असा विचार करा. सीमेवर दाट, उंच, न खाल्ली जाणारी झुडपं. त्यांनी दोन कामं होतात: पहिला घास बेचव लागतो आणि आतलं दिसत नाही. उडी मारून पलीकडे कुठे उतरायचं हे दिसत नसेल तर हरीण सहसा उडी घेत नाही. त्याच्या आत उग्र वासाची फुलझाडं. ज्यांना जपायचं ती सर्वांत आत, माणसांचा वावर असतो तिथे.

हरणांची रोजची वाट बागेतून जात असेल तर तिच्यावर आडवा वाफा घालू नका. न खाताही ती रोपं तुडवली जातील. वाट मोकळी सोडा, वाफे बाजूला घ्या. झाडाखाली पडलेली फळं रोजच्या रोज उचला. बागेतली झाडं बेचव आणि जमिनीवर फळांचा सडा, अशी विसंगती असेल तर हरणं येतच राहणार, आणि आली की बाकीचंही चाखणार.

## टप्पा ७: लागवड आणि पहिले आठवडे

नर्सरीतून नुकतं आलेलं रोप आणि तेच रोप सहा महिन्यांनी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नर्सरीत त्याला भरपूर नत्र आणि पाणी मिळालेलं असतं. पानं तजेलदार, मऊ, वासाला फिकी. लॅव्हेंडरचं असं लाडावलेलं रोप आणि उन्हात, कोरड्या मातीत वाढलेलं रोप शेजारी ठेवून दोन्हीची पानं चुरडून बघा, फरक बोटांनाच कळेल. शिवाय हरणं नवीन दिसेल ते चाखून बघतातच.

त्यामुळे क्रम असा ठेवा.

१. रोप आणल्यावर आठवडा-दोन आठवडे सुरक्षित जागी, उन्हात ठेवा. पाणी बेताचं द्या.

२. लावताना मुळांभोवतीची माती घट्ट दाबा. हिसडा बसला तर रोप उपटलं जाऊ नये.

३. लावल्याच दिवशी जाळी किंवा पिंजरा घाला, दुसऱ्या दिवशी नाही. पहिली रात्रच धोक्याची. नवी पानं जून होऊन मूळचा वास-चीक येईपर्यंत जाळी काढू नका.

४. युरियासारखं नत्रयुक्त खत या काळात टाळा. शेणखत, कंपोस्ट मातीत मिसळलेलं असेल तेवढं पुरे. नत्राने पालवी फोफावते, आणि फोफावलेली पालवी म्हणजे आमंत्रण.

५. जाळी काढताना एकदम सगळी काढू नका. दोन-चार रोपांची काढा, आठवडाभर बघा, मग बाकीची.

तरुण वृक्षांची गोष्ट वेगळी. त्यांना खाण्यापासूनच नव्हे, शिंगं घासण्यापासूनही वाचवावं लागतं. मीलनाच्या हंगामात नर मनगटाएवढ्या आणि त्याहून बारीक खोडांवर शिंगं घासून साल सोलून काढतात. तिथे झाडाची चव, वास, विष काही कामाचं नाही. साल सगळीकडून सोलली गेली की झाड मरतं. छोट्या हरणांसाठी १.२ मीटर, मोठ्यांसाठी १.८ मीटर उंचीची खोड-जाळी घाला. ती खोडाला चिकटवू नका, खुंट्यांच्या आधाराने हातभर दूर उभी करा. झाडाच्या खालच्या फांद्या हरणाच्या पोचेच्या वर गेल्या आणि खोड जाड झालं की जाळीची गरज संपते.

## टप्पा ८: निवडीला जोड

निवड कितीही नीट केली तरी टंचाईत मदत लागते. सडलेल्या अंड्याच्या घटकांवर बनवलेले फवारे त्यातल्या त्यात चांगले चालतात, कारण गंधकाचा तो वास हरणाला धोक्याचा वाटतो. मिरचीचा तिखट अर्क असलेले फवारे चव बिघडवतात, म्हणजे पहिला घास जाऊ द्यावाच लागतो. कुठलाही फवारा पावसाने धुऊन जातो आणि नंतर फुटलेल्या पालवीवर तो नसतोच, हे बरेच जण विसरतात. म्हणून पाऊस पडून गेल्यावर आणि नवी पालवी दिसली की पुन्हा मारा. एकच फवारा महिनोन्‌महिने वापरू नका, हरणांना सवय होते. दोन प्रकार आलटून पालटून वापरा. घरी अंड्याचं पाणी करत असाल तर फडक्यातून गाळा, नाहीतर पंपाचं तोंड तुंबतं. खायच्या भाज्यांवर मात्र मारू नका. साबणाच्या वड्या आणि केसांचे पुंजके टांगण्यावर माझा फारसा विश्वास नाही.

होस्टा, गुलाब किंवा भाजीपाला हवाच असेल तर निवडीचा हट्ट सोडा आणि तेवढ्या तुकड्याला कुंपण घाला. मोठ्या हरणांसाठी ते २.४ मीटर उंच हवं. एवढं उंच जमत नसेल तर १.२ मीटर उंचीची दोन कुंपणं १.२ ते १.५ मीटर अंतराने समांतर घाला. हरीण उंच उडतं, लांबही उडतं, पण दोन्ही एकदम करणं त्याला अवघड जातं. खालची फट आधी बुजवा. फट सापडली तर हरीण उडीच्या भानगडीत पडत नाही, सरळ खालून सरपटून येतं, आणि भेकराला तर टीचभर जागाही पुरते.

लावलेलं एखादं झाड तरीही खाल्लं गेलं तर लगेच उपटू नका. फाटलेली टोकं डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, वर स्वच्छ कापा, जाळी घाला, वहीत महिना आणि शेरा लिहा. एकदाच, टंचाईत, शेंडा गेला असेल तर झाड ठेवा आणि पुढच्या वर्षी त्या महिन्यापुरती जाळी घाला. हिरव्या दिवसांतही खाल्लं जात असेल तर ते आतल्या वाफ्यात हलवा आणि त्याच्या जागी चाचणीत दोनदा टिकलेल्या यादीतलं पुढचं नाव लावा.